खाणीतील उमेदवार आणि त्याचा पाठीराखा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



 या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळा सुटताच जो मुलगा थेट कामावर जातो, त्याची वास्तपुस्त कोण करतो? आज त्याच्याविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आगर पिकवतो तो आगरी, अशी आपल्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. मीठ हेही एक खनिजच. ते काढण्याची विद्या आपल्या पूर्वजांनी पुस्तकातून घेतली नाही. उधाणाचे पाणी केव्हा आत घ्यावे, एका वाफ्यातून दुसऱ्यात केव्हा सोडावे, बांधातले खेकड्याचे बीळ कसे बुजवावे, हे मुलगा बापाच्या नाहीतर चुलत्याच्या मागे चिखलात उभा राहून शिकला. चुकल्यास बोलणी बसत. पण चूक होण्यापूर्वी सावध करणारा माणूसही हाताच्या अंतरावर असे.

पुढे काळ पालटला. १९७४ साली 'सागर सम्राट'ने बॉम्बे हाय येथे तेल शोधून काढले, १९७६ साली उत्पादन सुरू झाले आणि समुद्रातील तेल व वायू उरणच्या किनाऱ्यास येऊ लागले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. रस्ते आणि इमारती यांसाठी डोंगर फुटू लागले. १९५२ च्या कायद्याने दगडखाण ही जशी खाण ठरवली, तशीच तेलविहीरही खाणच ठरवली. म्हणजे आपली मुले मिठागरातून निघाली ती खाणीत गेली. बाप आणि चुलता मात्र मागे राहिले.

काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी दगडखाणीत लागला. ठेकेदारास चिठ्ठी आम्हीच दिली होती. मुलगा कष्टाळू, गणितात हुशार. तिसऱ्याच आठवड्यात त्यास भोके पाडण्याच्या यंत्रावर उभे केले. आदल्या दिवशीच्या सुरुंगाचे एक अर्धवट भोक खडकात उरले होते. त्यातच यंत्र लावले तर श्रम वाचतील, असा हिशेब त्याने केला. अशा भोकाच्या तळाशी न उडालेली दारू असू शकते, म्हणून त्यात पुन्हा यंत्र घालावयाचे नसते, हा त्या धंद्यातील पहिला धडा. तो त्यास कोणी दिलाच नव्हता. स्फोट झाला. जीव वाचला; दोन्ही डोळे गेले.

आम्ही रुग्णालयात पोचलो तेव्हा त्याच खाणीतील एक जुना कामगार बाहेर बसून रडत होता. म्हणाला, "गुरुजी, मी पंधरा पावलांवर व्हतू. मना वाटला, मुकादमानी सांगला असल." मुकादमास वाटले होते, ठेकेदाराने सांगितले असेल. आणि आम्हांस वाटले होते, चिठ्ठी दिली की आमचे कर्तव्य संपले.

नव्या माणसास शिक्षण दिल्यावाचून खाणकामास लावू नये, यासाठी आपल्या देशात १९६६ पासून नियम आहेत. परंतु वहीवर सही झाली म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात नवशिक्या खाणकामगाराच्या डोक्यावर लाल शिरस्त्राण असते. हा नवा आहे, यावर नजर ठेवा, हे ते न बोलता सर्वांस सांगते. मोठमोठ्या कंपन्या आता प्रत्येक नवागतामागे एक अनुभवी माणूस नेमतात व त्यास 'मेंटॉर' म्हणतात. आपण त्यास पाठीराखा म्हणू. हा पाठीराखा शक्यतो त्याचा साहेब नसावा. ज्याच्या हाती आपली हजेरी आहे, त्यास वेडगळ प्रश्न विचारण्यास मुलगा धजत नाही. आणि जो प्रश्न विचारला जात नाही, तोच घात करतो.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. उरण, पनवेल, पेण, अलिबाग येथे आपले कितीतरी बांधव खाणी, तेल, बंदर यांत उभे आयुष्य घालवून निवृत्त झाले आहेत. त्यांनी आपली नावे मंडळाकडे द्यावीत. प्रत्येकाने एक मुलगा वर्षभर सांभाळावा. दर रविवारी त्यास तीन गोष्टी विचाराव्यात: या आठवड्यात कोणते काम केलेस, काय समजले नाही, आणि भीती कशाची वाटली? यास पैसा लागत नाही. मातापित्यांनीही पगार किती, हे विचारण्याआधी शिकवणार कोण, हे विचारावे.

या यादीत पहिले नाव त्या जुन्या कामगाराचे आहे; त्याने ते स्वतः येऊन दिले. दुसरे आमचे. आम्हांस सुरुंगातले काही कळत नाही. परंतु चिठ्ठी देण्यापूर्वी काय विचारावे, हे आता कळते. तिसरे नाव आपल्यापैकी कोणाचे, ते आपण आजच ठरवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.