शिवी खाणारीने एकटीने का लढावं?



विकिपीडिया हा २००१ साली सुरू झालेला ज्ञानकोश. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. मराठीत तो २००३ पासून आहे. दार सगळ्यांना उघडं. तरीही २०११ मध्ये विकिमीडियाने स्वतःच केलेल्या पाहणीत लिहिणाऱ्यांत बाया दहा टक्क्यांहून कमी निघाल्या. वेळ मिळत नाही हे एक कारण. दुसरं आत गेल्यावर कळतं.

बाई लेख लिहिते, कुणीतरी पुसतो. ती पुन्हा लिहिते, तो पुन्हा पुसतो. मग चर्चेच्या पानावर लेखाऐवजी तिच्या चारित्र्याबद्दल मजकूर येतो. तक्रार केली तर सल्ला मिळतो, ‘मनावर घेऊ नकोस.’ हा सल्ला आपल्या चांगला ओळखीचा आहे. नवऱ्याच्या छळालाही ‘घरातला मामला’ म्हणत. १९८३ साली ४९८-अ कलम आलं, ते बायांनी मनावर घेतलं म्हणूनच.

मात्र मतभेद म्हणजे छळ नव्हे. ‘आधार काय?’ असं विचारलं तर आधार द्यावा. अंगावर येणं वेगळं, आणि त्याला तोंड देण्याच्या रीती आहेत.

एक, पुसापुशीच्या खेळात उतरू नका. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल मागे फिरवले, तर आपल्यावरच बंदी येऊ शकते. दोन, प्रत्येक बदल कुणी, कधी केला हे पानाच्या ‘इतिहासात’ राहतं. तोच आपला पंचनामा. तारीख, वेळ टिपून प्रचालकांकडे जा. ते पान सुरक्षित करू शकतात, त्रास देणाऱ्याला रोखू शकतात. तीन, कुणी तुमचा फोन किंवा पत्ता टाकला, तर तो इतिहासातूनही झाकायला लगेच सांगा. चार, विकिपीडियामार्फत आलेल्या घाणेरड्या ईमेलला उत्तर देऊ नका. उत्तर दिलं की तुमचा ईमेल पत्ता त्याला कळतो. धमकी असेल, पाळत असेल, तर पोलिसात जा. बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

२०२१ साली विकिमीडियाने सर्व प्रकल्पांसाठी आचारसंहिता मंजूर केली. तीत छळाला मनाई आहे. पण नियम कुणीतरी दाखवून द्यावा लागतो.

अमेरिकेच्या एमिली टेंपल-वुडने ठरवलं, दर घाणेरड्या ईमेलमागे एका स्त्री-वैज्ञानिकाचं चरित्र लिहायचं. तिचं कौतुकच आहे. पण शिवीही खायची आणि दुप्पट कामही करायचं, ही अपेक्षा प्रत्येकीकडून का? म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दोघी-तिघींनी मिळून लिहावं. एकीवर हल्ला झाला तर मजकूर दुसरीने वाचावा, तिनेच टिपावा, तक्रारही तिने करावी. जिच्यावर चिखल उडाला तिने तो पुन्हा पुन्हा चिवडत बसू नये.

मे २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरचा लेख पुरेसे आधार नाहीत म्हणून नाकारला गेला. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं. तिथे कुणी शिवी दिली नव्हती. तरी एवढ्या मोठ्या बाईचं नाव बाहेर राहिलं. मग लिहिणाऱ्या बायाच हाकलल्या गेल्या, तर आपल्या सावित्रीच्या लेकींची नोंद कोण ठेवणार?