चाळिशीनंतरचा नेम



आज मी तुम्हांला एका मास्तरांची गोष्ट सांगणार आहे. हे मास्तर जपान देशातले. त्यांचे नाव हिरोशी यामामोटो. शाळेत मुलांना व्यायाम शिकवायचा, ही त्यांची तेव्हाची नोकरी. आणि धनुष्यबाण हा त्यांचा खेळ.

धनुष्यबाण आपल्याला नवा नाही. एकलव्याची गोष्ट ऐकली नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. पण आजचा खेळ कसा असतो, ते आधी समजून घेऊ.

खेळाडूपासून ७० मीटरवर, म्हणजे सुमारे २३० फुटांवर एक गोल पाटी उभी करतात. पाटीवर वर्तुळे काढलेली असतात. अगदी मधले वर्तुळ जेमतेम ५ इंचांचे, लहान ताटलीएवढे. त्यात बाण लागला तर १० गुण. जसजसे बाहेर जावे तसतसे गुण कमी. पाटी चुकली तर शून्य.

धनुष्याची दोरी ओढायला ताकद लागते. किती? पाण्याने भरलेली मोठी बादली तीन बोटांनी उचलावी, साधारण तेवढी. आणि नुसती ओढून भागत नाही. ओढून हात स्थिर ठेवावा लागतो. असे दिवसातून शेकडो वेळा करायचे. तेव्हा कुठे नेम बसतो.

आता मास्तरांकडे वळू. १९८४ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक सामने झाले. हे जगातले सर्वांत मोठे खेळ. ते दर चार वर्षांनी भरतात. तेव्हा यामामोटो २१ वर्षांचे होते. तिरंदाजीत ते तिसरे आले. त्यांना कांस्यपदक मिळाले.

लोकांना वाटले, आता हा पोरगा पुढच्या खेपेला सोने आणणार. पण तसे झाले नाही. १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिके ते खेळले. तिन्ही वेळा हात रिकामे. २००० साली तर जपानच्या संघात त्यांची निवडच झाली नाही.

मधल्या काळात खेळाची रीतही बदलली होती. १९८४ साली प्रत्येकाने चार वेगवेगळ्या अंतरांवरून मिळून २८८ बाण मारायचे, आणि शेवटी बेरीज करायची. १९९२ पासून कुस्तीसारखी जोड लागू लागली. दोघे समोरासमोर. हरला तो घरी. एक वाईट बाण गेला की तो भरून काढायला वेळच नाही. मास्तरांना हाती असलेली विद्या पुन्हा नव्याने शिकावी लागली.

अशा वेळी माणूस काय म्हणतो? "झालं आता. पोरांचं वय आहे, त्यांनी खेळावं." मास्तरांनी तसे म्हटले नाही. टोकियोशेजारच्या सायतामा भागात ते शाळेत शिकवीत राहिले, आणि बाणही मारीत राहिले.

२००४ साली ग्रीस देशात अथेन्स येथे ऑलिंपिक भरले. मास्तर पुन्हा संघात आले. वय ४१. त्यांच्या संघातला फुरुकावा नावाचा गडी अवघा २० वर्षांचा. उपांत्य सामन्यात समोर ऑस्ट्रेलियाचा टिम कडिही. तो १७ वर्षांचा. मास्तरांच्या वर्गात शोभावा असा! बारा-बारा बाण झाले. दोघांचे गुण सारखे, ११५. मग एकेक बाण मारायचा ठरला. पोराचा बाण ९ ला लागला. मास्तरांचा १० ला.

अंतिम सामना इटलीच्या मार्को गालियाझो याच्याशी झाला. तो २१ वर्षांचा. मास्तर जेव्हा पहिले पदक घेऊन आले, तेव्हा हा पोरगा एक वर्षाचा होता! तो १११ गुणांनी जिंकला. मास्तरांचे १०९. फक्त दोन गुण कमी पडले. मास्तरांना रौप्यपदक मिळाले. पहिल्या पदकानंतर वीस वर्षांनी दुसरे. ते गमतीने म्हणाले की, कांस्याचे रौप्य व्हायला वीस वर्षे लागली, आता सोन्यासाठी आणखी वीस वर्षे घेऊ.

पुढे काय झाले, तेही सांगतो. चार वर्षांनी, २००८ च्या संघात त्यांना जागा मिळाली नाही. म्हणजे परत येणाऱ्याला दर वेळी यश मिळतेच, असे नाही.

आणि यात पैशाचा प्रश्न असतोच. परदेशी बनावटीचे धनुष्य सगळ्या सामानासह आपल्याकडे दोन-तीन लाख रुपयांच्या घरात जाते. बाण मोडतात. दोरी झिजते. शिवाय प्रवास, मुक्काम. तरुण खेळाडूचा खर्च पुष्कळदा सरकार उचलते, पलटण उचलते. पण चाळिशीच्या माणसाला लोक विचारतात, "आता कशाला?" मग कित्येक देशांतले वयस्क तिरंदाज स्वतःच्या पगारातून हा खर्च करतात. तो पैसा घरातलाच असतो. म्हणून घरच्यांना विचारून, हात राखून तो खर्चावा. कर्ज काढून नव्हे. मास्तरांनी नोकरी सोडली नव्हती, हे ध्यानात ठेवा. संध्याकाळी चूल पेटणार, याची खात्री असली म्हणजे नेम धरताना हात कापत नाही.

आता आपल्या देशातले उदाहरण पाहा. त्याच अथेन्सच्या मैदानावर सिक्कीमचा तरुणदीप राय हा २० वर्षांचा जवान भारताकडून खेळला होता. पुढे २००८ आणि २०१६ च्या ऑलिंपिकला तो नव्हता. पण २०२४ साली पॅरिसला तो पुन्हा उभा राहिला. वय ४०! त्याच्या शेजारी कोण होता? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातला, सरडे गावचा प्रवीण जाधव. मोलमजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. पदक आले नाही. पण एक चाळिशीचा आणि एक विशीतला असे दोघे एका रांगेत उभे राहिले, एका संघासाठी.

बाण वय विचारीत नाही. तो एवढेच पाहतो की, हात स्थिर आहे का, आणि काल सराव केला होता का.

तुमच्यापैकी कित्येकांनी चाळिशीनंतर पाटी हातात घेतली. तुम्हांलाही लोकांनी विचारले असेल, "आता शिकून काय करणार?" त्यांना या मास्तरांची गोष्ट वाचून दाखवा. स्वतः वाचून दाखवा, दुसऱ्याकडून नको. अडखळलात तरी चालेल. पुढची ओळ वाचा.