अचूक मापाची सैनिकी सेवा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सैन्यातील नोकरी म्हटली की बंदूक, कवायत आणि सीमेवरचा पहारा एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु विमानाच्या चाकातील हवेचा दाब किंवा तोफेच्या सुट्या भागाची जाडी ज्या उपकरणाने मोजावयाची, ते उपकरण तरी खरे आहे की नाही, हे कोणी तपासावयाचे? या तपासणीस कॅलिब्रेशन, मराठीत अंशशोधन, असे म्हणतात. बारावीच्या उंबरठ्यावरील मुलामुलींपुढे व त्यांच्या पालकांपुढे हा मार्ग मांडावा, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

सोनारकी करणाऱ्या आपल्या ज्ञातीला हा विषय परका नाही. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा तोलणारा काटा आपल्या वाडवडिलांच्या हाती होता. काटा कितीही नाजूक असो, वजनेच खोटी असतील तर तोल खोटाच ठरावयाचा. म्हणून दुकानातले वजन प्रमाण वजनाशी ताडून पाहावे लागते. लष्करी उपकरणांचेही तसेच आहे. कारागिराच्या हातातील उपकरण प्रयोगशाळेतील अधिक अचूक प्रमाणाशी ताडावयाचे, ते प्रमाण त्याहून श्रेष्ठ प्रमाणाशी, आणि ही साखळी राष्ट्रीय प्रमाणापर्यंत न्यावयाची. आपली राष्ट्रीय प्रमाणे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहेत. ताडण्याचे प्रमाण उपकरणाच्या निदान चौपट अचूक असावे, असा या व्यवसायातील जुना दंडक आहे. लांबीची मापे २० अंश सेल्सिअस तापमानास धरून सांगतात. कारण एक मीटर लांबीची पोलादी पट्टी एका अंशाने तापली तरी सुमारे १२ मायक्रॉनांनी वाढते.

एवढ्या काटेकोरपणाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरबस्तानातील धहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या निवासावर कोसळले आणि २८ सैनिक प्राणास मुकले. रक्षणासाठी पॅट्रियट यंत्रणा सज्ज होती. परंतु ती १०० तासांहून अधिक काळ अखंड चालू राहिल्याने तिच्या कालगणनेत सुमारे एक तृतीयांश सेकंदाची चूक साठली होती, आणि येणारे क्षेपणास्त्र ती भलत्याच जागी शोधीत राहिली. दोष गणनेचा होता, मापकाचा नव्हे. पण धडा एकच. सुधारलेली गणनाप्रणाली दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचली. लहान चूक वेळीच शोधणारा मनुष्य किती जीव वाचवितो, हे यावरून कळावे.

आता प्रवेशाविषयी. अमेरिकन वायुदलात अचूक मापन उपकरणांच्या प्रयोगशाळांसाठी स्वतंत्र शाखाच आहे. आपल्याकडे तरुणाने तांत्रिक शाखेतून शिरावे. भूसेनेत उपकरणांची देखभाल व दुरुस्ती ईएमई या दलाकडे असते. १९४३ साली स्थापन झालेल्या या दलाचे महाविद्यालय सिकंदराबादेस आहे. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेखाली होते. तांत्रिक जागांसाठी गणित व भौतिकशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण असणे हा सरळ मार्ग होय. नौदल व वायुदल मुलींनाही अग्निवीर म्हणून घेतात. अधिकारी व्हावयाचे असल्यास खडकवासल्याची प्रबोधिनी आहे. तिची दारेही २०२२ पासून मुलींना खुली झाली. मात्र कोणते काम मिळेल हे दलाच्या गरजेवर ठरते. मागितले म्हणून अंशशोधनच मिळेल असे नाही.

पालकांची चिंता आम्ही जाणतो. अग्निवीराची सेवा चार वर्षांची, आणि पुढे कायम होणारे जास्तीत जास्त शेकडा २५. उरलेल्यांनी काय करावे? हा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच हाताला विद्या देणारी शाखा निवडावी असे आमचे सांगणे आहे. कारखाने, औषधनिर्मिती, रुग्णालये, विमानउद्योग, सर्वत्र उपकरणे ताडून घ्यावीच लागतात. तेथे अचूक मापाची सवय असलेल्या माणसाला मोल आहे.

परंतु ही सवय भरतीच्या दिवशी अंगी येत नाही. शाळेच्या प्रयोगवह्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. उत्तर आधी ठाऊक करून घेऊन त्याला जुळतील अशी निरीक्षणे मागाहून लिहिण्याची रीत सर्रास दिसते. गुण मिळतात, पण मापनाची विद्या तेथेच बुडते. स्क्रूगेजची शून्यांक त्रुटी प्रथम पाहणारा, तीन वेळा मोजणारा आणि न जुळलेला आकडाही जसाच्या तसा लिहिणारा विद्यार्थी या सेवेची पहिली पायरी चढला, असे आम्ही मानतो. वरिष्ठांना अप्रिय असले तरी 'हे उपकरण नापास' असे लिहिण्याचे धैर्य पुढे त्यालाच होईल. ते धैर्य जातीने मिळत नाही, सरावाने मिळते.

तेव्हा पालकहो, आज घरी गेल्यावर मुलांच्या गुणपत्रिकेआधी त्यांची प्रयोगवही पाहा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.