अडगळीतली कुळकथा



मारुंजीत राहणाऱ्यास या विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. भातखाचरांचे हे मुळशी तालुक्यातील गाव हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या शेजारामुळे पाहता पाहता बदलले; कौलारू घरांशेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. गावातले जुने घर पाडणारे असोत वा पुण्यातील पेठेतला वाडा सोडून सदनिकेत आलेले असोत, दोघांपुढे प्रश्न एकच. माळ्यावरच्या वस्तूंचे काय करायचे? घंगाळ, पायली, इरले, पणजोबांचा अडकित्ता यांना नव्या घरात जागा नसते. पितळ मोडीत जाते, आणि त्यासोबत घराण्याच्या इतिहासाचे एक पान वजनावर विकले जाते.

मराठी साहित्याने हा प्रश्न गांभीर्याने हाताळला आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'हिंदू' या कादंबरीचे उपशीर्षकच 'जगण्याची समृद्ध अडगळ' असे आहे. तिचा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोच्या उत्खननात गुंतलेला हा तरुण वडिलांच्या अंतकाळी खानदेशातील आपल्या मोरगावी परततो, आणि मग खणणे सुरू होते ते स्वतःच्याच कुळाचे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापराला जो मान मिळतो, तो आजीच्या रांजणाला का मिळू नये, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही.

या 'अडगळ' शब्दावरून त्या वेळी मोठा वाद झाला. लेखकाची अनेक मते अनेकांना आजही मान्य होण्यासारखी नाहीत, आणि तो मतभेद प्रामाणिक आहे. परंतु शब्दावर राग धरण्यापूर्वी तो मराठी घरात कसा वापरला जातो, हेही पाहावयास हवे. अडगळीची खोली म्हणजे उकिरडा नव्हे. जे वापरात नाही, पण टाकवतही नाही, ते तेथे ठेवले जाते.

श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत जगबुडीकाठच्या एका घराण्याच्या पिढ्या येतात. तेथे वाडा आणि खोती हाच वारसा. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे नाटक खरे, पण येथे ते वगळता येत नाही. दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि आत जपून ठेवलेला दागिन्यांचा डबा. एका रात्री थोरली सून ते सारे सोने अंगावर घालते. पुढे ते घरात राहत नाही. विदर्भातील एका देशपांडे घराण्याची पडझड एवढ्या दोन वस्तूंतून कळते.

कुळवृत्तान्तांची परंपरा महाराष्ट्रात मोठी आहे. मात्र त्यांतील वंशावळी प्रामुख्याने पुरुषांच्या. लग्नाबरोबर नाव बदललेल्या स्त्रीचे माहेर शोधायचे तर कित्येकदा तांब्याच्या काठावरची कोरलेली अक्षरेच कामी येतात. लग्नात भांड्यावर नाव घालून देण्याची आपल्याकडची रीत साधी वाटते. पण रुखवतातली कळशी, आईकडून लेकीकडे आलेली नथ, हीच स्त्रियांच्या बाजूची वंशावळ. ती मोडीत निघाली की दुसरी प्रत नसते.

पुण्यात हे मर्म ओळखले ते दिनकर गंगाधर केळकर यांनी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि संग्रहालयाला अकाली गेलेल्या आपल्या राजाचे नाव दिले. बाजीराव रस्त्यावरील त्या दालनांत राजेरजवाड्यांइतकेच स्वयंपाकघरही नांदते. तुर्कस्तानचे ओऱ्हान पामुक यांनी आपल्या २००८ सालच्या कादंबरीतील वस्तूंचे संग्रहालय इस्तंबूलमध्ये उघडले, ते २०१२ साली. पुणेकरांना त्यात नवल वाटू नये.

संग्रहालयात वस्तू टिकते. तिच्यामागची माणसे घरच्यांनाच सांगावी लागतात. दिवाळीच्या साफसफाईत भांडी खाली निघतात. त्या वेळी आजीला शेजारी बसवावे, आणि कोणी दिले, कोणाच्या लग्नात, कोणत्या गावाहून आले, हे एकेका भांड्याच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. अक्षर नातवाचे असले तरी चालेल.