आमचे बेने इस्रायल शेजारी

मी एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां जागतिक राजकारणावर अधिकारवाणीनें बोलण्याची माझी योग्यता नाहीं. परंतु माझें घर नवी मुंबईंत आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर, पनवेल गांवांत, १८४९ सालीं बांधलेलें ‘बेथ एल’ नांवाचें यहुदी लोकांचें प्रार्थनामंदिर आहे. जगांत ठिकठिकाणीं यहुद्यांविषयीं जो द्वेष पसरविला जातो, त्यास आळा घालण्यासाठीं शासन काय करूं शकतें आणि काय करूं शकत नाहीं, याविषयीं या शेजाराच्या निमित्तानें मी आज चार शब्द बोलणार आहें.

प्रथम एक कबुली देतों. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक बेने इस्रायल मुलगा होता. वर्षारंभीं सर्व मुलांची माहिती एका छापील तक्त्यांत भरावयाची होती. धर्माच्या रकान्यांत चार-पांच नांवें छापलेलीं होतीं आणि अखेरीस ‘इतर’ हा शब्द होता. मीं त्या मुलाच्या नांवापुढें ‘इतर’वर खूण केली. तो जवळच उभा होता. त्यानें विचारलें, “गुरुजी, इतर म्हणजे कोण?” मला उत्तर सुचलें नाहीं. “जागेवर जाऊन बस,” एवढेंच मी म्हणालों.

हे ‘इतर’ कोण, तें पाहूं. यांचे पूर्वज फार प्राचीन काळीं गलबत फुटून अलिबागेजवळील नवगांवच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोंकणांत ते तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशीं घाणा बंद. म्हणून गांवकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणूं लागले. पेणकर, दिवेकर, रोहेकर, राजपूरकर हीं त्यांचीं आडनांवें आपल्या गांवांवरूनच आलेलीं आहेत. त्यांची मायबोली मराठी. मुंबईंत त्यांचें पहिलें सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं बांधलें. बेने इस्रायल लोक त्यास ‘मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर हें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. १९३७ सालीं डॉ. एलिजा मोझेस हे मुंबईचे महापौर झाले.

इतक्या शतकांत या लोकांना शेजाऱ्यांकडून छळ सोसावा लागला नाहीं, ही कोंकणाला भूषणावह गोष्ट आहे. परंतु भूषण मिरवितांना सावधपण सोडूं नये. जर्मनींत यहुदी लोक विद्वान, डॉक्टर, व्यापारी म्हणून मान्यता पावलेले होते. तरी १९३५ सालीं न्यूरेंबर्ग येथें कायदे होऊन त्यांचें नागरिकत्व हिरावून घेण्यांत आलें. कोणाचे आजी-आजोबा कोण, हें दप्तरांत धुंडाळून माणसांना निवडून वेगळें काढण्यांत आलें; आणि दहा वर्षांच्या आंत युरोपांत सुमारे साठ लक्ष यहुदी मारले गेले. दप्तरांतील एक रकाना माणसाचें काय करूं शकतो, हें त्यावरून दिसतें.

आपल्याकडे हा द्वेष बाहेरून आला, आणि तोहि समुद्रावरूनच आला. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर जो हल्ला झाला, त्यांत कुलाब्यांतील नरिमन हाऊस हें यहुदी केंद्र हेरून निवडलेलें होतें. तेथें रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार यहुदी पाहुणे यांची हत्या झाली. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे याला सांभाळणाऱ्या बाई सँड्रा सॅम्युएल यांनीं जिवावर उदार होऊन त्याला बाहेर आणलें. तें घर मुक्त करतांना कमांडो गजेंद्र सिंह बिश्त यांस वीरमरण आलें. ज्या सागरानें एका काळीं गलबत फुटलेल्यांना तीरावर आणलें, त्याच सागरानें त्यांच्या धर्मबांधवांचे मारेकरीहि आणावे, हें मोठेंच दुर्दैव.

त्या हल्ल्यानंतर मुंबईंतील सिनेगॉगांच्या दारांशीं पोलिसांचा बंदोबस्त दिसूं लागला. तो आवश्यक आहे. द्वेष पसरविणाऱ्यास शासन करण्यासाठीं कायदाहि आहे : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत धर्म किंवा वंश यांवरून समाजांत वैर माजविणें आणि बुद्धिपुरस्सर धार्मिक भावना दुखविणें हे अपराध मानलेले आहेत. त्यापूर्वीं जून २०१६ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें यहुद्यांना राज्यापुरता अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. शिष्यवृत्त्या, स्वतःच्या शिक्षणसंस्था आणि सरकारी नोंदींत स्वतःचें नांव, हीं त्याचीं फळें. केंद्र सरकारच्या सूचींत मात्र मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी व जैन हे सहाच समाज आहेत.

कोणी म्हणेल, एके काळीं वीस हजारांवर असलेला हा समाज बहुतांशीं इस्रायलला निघून गेला. येथें उरलेल्या थोड्या हजारांसाठीं एवढी यातायात कशाला? माझें उत्तर असें कीं, पुष्कळांना संख्येचेंच बळ असतें. ज्यांना तें नाहीं त्यांनाच कायद्याचा आधार लागतो. ज्या रकान्यानें जर्मनींत माणसांना वेगळें काढलें, तोच रकाना न्यायबुद्धीनें भरला तर माणसाला आपलें म्हणतो.

परंतु श्रोतेहो, पोलीस दाराचें रक्षण करील; मनाच्या दाराशीं पहारा आपणच केला पाहिजे. हल्लीं दूर देशीं युद्ध पेटलें कीं घरोघरींच्या दूरध्वनियंत्रांवर विषारी मजकूर येऊन पडतो. एखाद्या राष्ट्राच्या धोरणावर टीका करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. तेथें मरणाऱ्या निरपराधांसाठीं कोणाचेंहि हृदय द्रवावें. पण त्या राष्ट्राचा जाब पनवेलच्या किंवा अलिबागच्या शेजाऱ्याला विचारणें हा अन्याय होय. त्याचप्रमाणें कुलाब्यांतील मारेकऱ्यांचा जाब आपल्या मुसलमान शेजाऱ्याला विचारणें हाहि तितकाच अन्याय होय. हा विवेक शाळेंत शिकविला पाहिजे, आणि तो शासनाच्या आज्ञेनें शिकवितां येत नाहीं. तो शिक्षकानें स्वतःच्या वागणुकींतून दाखवावा लागतो.

मीं तो त्या दिवशीं दाखविला नाहीं. तक्त्यांत जागा नव्हती हें खरें. परंतु समासांत ‘बेने इस्रायल’ हे दोन शब्द लिहावयास मला कोणीं अडविलें होतें? तो मुलगा आज कोठें आहे मला ठाऊक नाहीं. त्याच्या प्रश्नाचें उत्तर राहून गेलें, तें आज देतों : बाळ, ‘इतर’ म्हणजे ज्यांचें नांव विचारण्याचे कष्ट आम्हीं घेतले नाहींत ते. चूक तुझ्या धर्माची नव्हती, माझ्या लेखणीची होती.