अपरिग्रह : दुकानात आणि घरात

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



या मंगल प्रसंगी पर्यावरणावर बोलण्याची आज्ञा झाली. मी शास्त्रज्ञ नाही, पंडितही नाही. गांधीबागेत कापड विकणारा व्यापारी आहे; म्हणून हिशेबाच्याच भाषेत बोलेन.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर नाल्याच्या काठी पातळ पिशव्यांचा थर दिसला. शासनाने मार्च २०१८ मध्ये बंदी घातली, तेव्हा दंडाच्या भीतीने मी त्या बंद केल्या होत्या. पण त्याआधी वर्षानुवर्षे फुकट वाटलेल्या पिशव्या कुजल्या थोड्याच? पुराची कारणे अनेक आहेत. तरी त्या खतावणीत माझ्याही नावे काही रक्कम आहे, हे त्या दिवशी उमगले.

आपले पूर्वज पाणी गाळून पीत आणि गाळण्यातील सूक्ष्म जीव पुन्हा त्याच पाण्यात सोडत. आपण पाणी गाळतो आणि नाल्यात प्लास्टिक सोडतो! श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण आणि अनर्थदंड-विरती आहेत. म्हणजे संग्रहाला मर्यादा आणि निष्कारण हिंसेचा त्याग. गरज नसता दिलेली पिशवी हा अनर्थदंडच होय.

आता माझ्या व्यवसायाविषयी. एका सुती शर्टामागे, कापसाच्या शेतापासून धरल्यास, जागतिक अंदाजानुसार सुमारे २,७०० लिटर पाणी लागते. पॉलिस्टर खनिज तेलापासून बनते आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात मिसळतात. कपाट भरलेले असताना घेतलेली साडी माझ्या वहीत नफा असते, निसर्गाच्या वहीत तोटा. म्हणून कापड विकूनही सांगतो : कमी घ्या, टिकाऊ घ्या, पुरवून वापरा. मुलगा विचारतो, "बाबा, मग दुकान कसे चालेल?" त्याची चिंता खोटी नाही. मी म्हणतो, थोडे कमी चालेल. पण पुढच्या पिढीच्या नावावर उधारी राहणार नाही. आता उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून आम्ही गिऱ्हाइकांना देतो.

या वर्षासाठी तीन नम्र विनंत्या आहेत. ट्रस्टच्या सहभोजनात स्टीलची ताटे असावीत आणि ताट धुऊन पिण्याची आपली जुनी रीत पुन्हा सुरू व्हावी. सत्कारात शाल-साड्यांऐवजी रोपे द्यावीत. आणि प्रत्येक घराने वर्षभरासाठी नव्या कपड्यांचे परिमाण ठरवावे. पहिला नियम मी आज आपल्यासमोर घेतो : वर्षात दोनच जोड.

जय जिनेंद्र!