कला महाविद्यालयात संगणकशास्त्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की रायपूरच्या मराठी घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : “अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला का?” एखादी मुलगी म्हणाली, “मला संगणकशास्त्र शिकायचे आहे, पण इतिहास, भाषा आणि तर्कशास्त्र यांच्या सोबतीने, म्हणून मी कला-विज्ञान महाविद्यालयात जाते,” तर वडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या आठ्या थोड्या सैल व्हाव्यात, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

सरकारी सेवेत पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका दिवंगत मराठी कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब-निवृत्तिवेतन काही महिने अडून राहिले. कारण एवढेच, की आडनावातील ‘ळ’ एका कागदावर शाबूत होता आणि दुसऱ्यावर त्याचा ‘ल’ झाला होता. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. त्यामुळे या प्रांतात ‘काळे’ यांचे ‘काले’ होणे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु युनिकोड या वर्णसंकेतात ‘ल’चा क्रमांक २३५४ आणि ‘ळ’चा २३५५. क्रमांक शेजारचे, पण यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती! यंत्र सांगितले तसेच वागत होते. त्याला सांगणाऱ्याला मात्र येथील माणसे आणि त्यांची नावे ठाऊक नव्हती. हे ज्ञान भाषेच्या आणि समाजाच्या अभ्यासातून येते.

असा संगम आपल्या परंपरेला परका नाही. १८८५ साली पुण्यात स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात कला आणि विज्ञान एकाच आवारात नांदले. तेथे गणित शिकविणारे गोमंतकीय पंडित दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन नाण्यांची वजने संख्याशास्त्राच्या कसोटीवर तपासली आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. आज त्याच महाविद्यालयात संगणकशास्त्रही शिकविले जाते. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये ‘बेसिक’ ही संगणकभाषा घडविली, ती विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणूनच. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बहुशाखीय पदवीचा पुरस्कार केला आहे.

अभियांत्रिकीचे मोल मी कमी लेखत नाही. नोकरीची चिंता खरी आहे. या वाटेने जाणाऱ्यानेही गणिताची टाळाटाळ करू नये, आज्ञावली स्वतः लिहाव्यात आणि महाविद्यालय निवडताना तेथील अध्यापक व प्रयोगशाळा डोळसपणे पाहाव्यात. मात्र आज यंत्रेच आज्ञावली लिहू लागली आहेत. अशा वेळी काय लिहावे, कोणासाठी लिहावे आणि त्यात कोण वगळले जाईल, हे विचारणाऱ्याची गरज अधिक वाढली आहे.

महाराष्ट्रापासून दूर राहून आपण दोन भाषांत जगतो. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील अंतर आपल्या मुलांना घरातच कळते. ती त्यांची न्यूनता नव्हे, ती त्यांची शिदोरी आहे. ती घेऊन एखादी मुलगी या वाटेने निघाली, तर तिला अडवू नका. उद्या कोणा वृद्धेचे अडलेले निवृत्तिवेतन तीच मोकळे करील.